कोकणकड्यावर कॅमेरा नेताय?
हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून उभा, म्हणून बहुतेक जण फक्त सूर्यास्त टिपतात. माझा जीव मात्र सकाळवर! पावसाळ्यात दरी धुक्याने भरलेली असावी, पाठीमागून कोवळं ऊन यावं. मग धुक्यावर आपलीच सावली पडते आणि तिच्या डोक्याभोवती रंगीत गोल कडं उमटतं. हेच इंद्रवज्र. बघता बघता विरतं, त्यामुळे कॅमेरा हातातच हवा. पांढऱ्या धुक्याला मीटर फसतो आणि फोटो करडा येतो, म्हणून एक्स्पोजर +1 ठेवा. कड्यावर वारा भन्नाट असतो, ट्रायपॉडला सॅक अडकवा. हिवाळी मुक्कामात बॅटऱ्या स्लीपिंग बॅगेत अंगाशी ठेवा, गारठ्यात त्या लवकर उतरतात. आणि दरीची फ्रेम हवी असेल तर काठावर उभं न राहता पोटावर झोपून घ्या.