अलंकार ओळखणे आणि अलंकार समजणे

उपमा, उत्प्रेक्षा आणि रूपक या अलंकारांच्या व्याख्या आपण मागील घटकात अभ्यासल्या. 'सारखा', 'जणू' असे शब्द हेरले आणि अलंकाराचे नाव लिहिले की उत्तर पूर्ण झाले, असा समज उत्तरपत्रिकांतून वारंवार दिसतो. तो कितपत टिकतो, हे बहिणाबाई चौधरी यांच्या 'मन' या कवितेच्या आधारे पाहू.

बहिणाबाईंचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या असोदे गावी झाला. त्यांना अक्षरओळख नव्हती. शेतात आणि घरात काम करताना रचलेली त्यांची गाणी पुत्र सोपानदेव यांच्यामुळे टिकली व आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने १९५२ साली, म्हणजे त्यांच्या निधनानंतर एक वर्षाने, ग्रंथरूपात आली.

'मन' या कवितेत आरंभीच मनाला शेतात घुसणाऱ्या गुराचे रूप दिले आहे. 'सारखे' हा शब्द नाही, म्हणून रूपक. नाव मिळाले, पण साधारणधर्म कोणता? बहुतेक विद्यार्थी 'चंचलता' असे लिहितात. ते चूक नाही, अपुरे आहे. चंचल तर फुलपाखरूही असते. गुरू हाकलले तरी पुन्हा त्याच पिकाकडे वळते आणि प्रत्येक फेरीत राखणदाराचे नुकसान करते. हाकणारा दमतो, ते दमत नाही. मनाविषयीचा हा अनुभव उपमानातून येतो. पुढे त्याच मनासाठी उपमाने बदलत जातात, कारण एका उपमानात ते मावत नाही. एका उपमेयासाठी अशी उपमानांची माळ गुंफली की तिला मालोपमा किंवा मालारूपक म्हणतात.

आता आमचेच एक उदाहरण घ्या. 'फुटलेल्या कापसाचे शेत चांदण्यासारखे पांढरे दिसते' ही उपमा. तिची चारही अंगे येथे आहेत. 'ते शेत जणू भुईवर उतरलेले चांदणेच' ही उत्प्रेक्षा. 'कापसाचे चांदणे' हे रूपक. परीक्षेपुरती तिन्ही वाक्ये निर्दोष आहेत. तरी कापूस वेचणाऱ्या बाईला ती पटणार नाहीत. वाळलेल्या बोंडाची टोके तिच्या बोटांना टोचतात. आमचे चांदणे रस्त्यावरून पाहणाऱ्याचे आहे, बहिणाबाईंचे गुरू राखणदाराचे आहे.

नादाकडेही लक्ष द्या. बहिणाबाईंच्या अनेक ओळी आठ अक्षरांच्या आहेत. या छंदाला अष्टाक्षरी म्हणतात. त्यात लघु-गुरू न पाहता केवळ अक्षरे मोजतात. त्यांच्या काही प्रसिद्ध ओळींत एक दोन अक्षरी शब्द आणि पाठोपाठ तीन अक्षरी शब्द दोनदा येतो. दोन, तीन, तीन असे आठ अक्षरांचे गणित जुळते. शब्दाची द्विरुक्ती छंद भरते, आणि तीच एखादी गोष्ट पुनःपुन्हा घडत असल्याचा भासही निर्माण करते. 'द्विरुक्तीमुळे गोडवा येतो' एवढेच लिहून थांबू नये.

ही सारी रचना लेवा गणबोलीत आहे, प्रमाण मराठीत नाही. धुळ्याकडील अहिराणीभाषक विद्यार्थी आपल्या बोलीतील उदाहरण उत्तरात देण्यास कचरतात. ते अवश्य द्यावे. सोबत प्रमाण मराठीत अर्थ लिहावा.

स्वाध्याय : आपल्या घरात किंवा शेतात ऐकू येणारी तुलनेची तीन वाक्ये टिपून घ्या. प्रत्येकातील उपमेय, उपमान व साधारणधर्म लिहा. अलंकाराचे नाव सर्वांत शेवटी लिहा.