ख्रिस्ती श्रद्धा आणि अजात जीव

अश्वत्थाम्याचें अस्त्र उत्तरेच्या उदरांतील बाळावर चालून गेलें आणि श्रीकृष्णानें त्या गर्भाला जीवदान दिलें, ही परीक्षिताची कथा मराठी घरांत लहानपणींच कानांवरून जाते. ज्याचें अद्याप नांवही ठेवलेलें नाहीं अशा जीवासाठीं देवानें धांव घ्यावी, हा विचार मराठी श्रोत्याला परका वाटूं नये. ख्रिस्ती धर्मांत तो एक पाऊल पुढें जातो. तेथें देव स्वतःच गर्भवास पत्करतो.

ख्रिस्ती पंचांग पाहिलें म्हणजे हें चटकन ध्यानांत येतें. नाताळ २५ डिसेंबरला; आणि त्याच्या बरोबर नऊ महिने आधीं, २५ मार्चला, गब्रिएल दूतानें मरियेला दिलेल्या संदेशाचा सण. जन्माइतकाच गर्भधारणेचा दिवसही पवित्र! लूकच्या शुभवर्तमानांत पुढें मरिया आपल्या नात्यांतील अलीशिबेला भेटावयास जाते. अलीशिबाही गरोदर असते. मरियेचा आवाज कानीं पडतांच तिच्या उदरांतील योहान आनंदानें उसळी घेतो. ही येशूची कथा मराठींत ओवीबद्ध होऊन चार शतकें उलटलीं. फादर स्टीफन्सचें ‘ख्रिस्तपुराण’ साष्टींतील रायतूर येथें १६१६ सालीं छापलें गेलें. आज वसईच्या जुन्या देवळांत असो कीं गोंदिया जिल्ह्यांतील लहानशा ख्रिस्ती समाजांत असो, नाताळाच्या आधींच्या दिवसांत हेच प्रसंग वाचले जातात.

या श्रद्धेचा व्यवहारांतील परिणाम फार जुना आहे. रोमन समाजांत नको असलेलें नवजात मूल उघड्यावर टाकून देण्याची मुभा पित्याला असे. ‘दिदाखे’ या प्राचीन ख्रिस्ती ग्रंथानें अर्भकहत्या आणि गर्भपात या दोहोंना एकाच दमांत निषिद्ध ठरविलें.

परंतु गर्भांत आत्मा केव्हां प्रवेश करतो, याविषयीं खुद्द ख्रिस्ती पंडितांत दीर्घकाळ वाद होता. अॅरिस्टॉटलच्या मतें मुलाच्या गर्भांत तो सुमारें ४० व्या दिवशीं येतो आणि मुलीच्या गर्भांत त्याहून पुष्कळ उशिरां. (मुलीला येथेंही वाट पाहावी लागलीच!) तेराव्या शतकांत थॉमस अॅक्वायनसनें आत्मा मागाहून येतो हें मत उचललें, पण त्यापूर्वींचा गर्भपात निर्दोष आहे असें त्यानें म्हटलें नाहीं. शिक्षेच्या बाबतींत मात्र धर्मपीठ हेलकावे खात राहिलें. १५८८ सालीं पोप पांचवा सिक्स्टस यानें सर्वच गर्भपातांना मनुष्यहत्येचा दंड लावला. तीनच वर्षांनीं चौदाव्या ग्रेगरीनें तो सौम्य केला. आणि १८६९ त नवव्या पायसनें आत्मा येण्यापूर्वींचा व नंतरचा हा भेदच काढून टाकला. कॅथलिक शिकवण आज गर्भधारणेच्या क्षणापासूनच गर्भ मनुष्याप्रमाणें जपावा असें सांगते. २०१६ त पोप फ्रान्सिस यांनीं या पापाची क्षमा देण्याचा अधिकार सर्व धर्मगुरूंना कायमचा दिला, पण पाप तें पापच राहिलें.

मातेचा जीव धोक्यांत असेल तर काय? येथें ख्रिस्ती पंथांची वाट फुटते. बहुतेक प्रॉटेस्टंट पंथ अशा वेळीं गर्भपातास मोकळीक देतात. कॅथलिक पंथ गर्भाचा हेतुपुरस्सर नाश मान्य करीत नाहीं. मात्र गर्भाशयाला कर्करोग जडला व तें काढावें लागलें, तर त्यांत ओघानें होणारा गर्भाचा मृत्यु तो दोषास्पद मानीत नाहीं. हा भेद तर्कशुद्ध खरा, पण बाळंतिणीच्या खाटेशीं उभ्या असलेल्या नवऱ्याला तो कितपत समजावा!

बाप्तिस्म्यावांचून गेलेल्या बाळांचा प्रश्न याहून हळवा. मरणोन्मुख बालकाला प्रसंगीं सुईणही पाणी ओतून बाप्तिस्मा देऊं शकते. ती ख्रिस्ती असलीच पाहिजे असें नाहीं. तरीही ज्यांना तो लाभला नाहीं, त्यांना पूर्वीं पवित्र केलेल्या दफनभूमींत जागा मिळत नसे आणि त्यांचे आत्मे स्वर्गाच्या उंबरठ्याबाहेर राहतात अशी समजूत असे. किती आयांनीं हें दुःख मुकाट्यानें गिळलें असेल! २००७ सालीं व्हॅटिकनच्या धर्मशास्त्र-मंडळानें या बाळांच्या मुक्तीची आशा बाळगण्यास सबळ आधार आहे असें लेखी सांगितलें.

श्रद्धा आणि कायदा यांची गांठ मुंबईंत २००८ सालीं पडली. गर्भाच्या हृदयांत दोष आहे असें एका दांपत्याला चोविसाव्या आठवड्यांत कळलें. १९७१ च्या कायद्याची मर्यादा २० आठवड्यांची. मुंबई उच्च न्यायालयानें ऑगस्टमध्यें परवानगी नाकारली. कॅथलिक धर्मगुरूंनीं त्या निर्णयाचें स्वागत केलें, तर अनेक वैद्यांनीं व स्त्रियांनीं कायदाच कालबाह्य असल्याचें म्हटलें. थोड्याच दिवसांत त्या बाईंचा गर्भ आपोआप पडला. पुढें २०२१ त कायदा बदलला. कांहीं वर्गांतील स्त्रियांसाठीं मर्यादा २४ आठवडे झाली, आणि गर्भांत गंभीर व्यंग असल्याचें वैद्यकीय मंडळानें ठरविल्यास मर्यादाच उरली नाहीं. त्या दांपत्याला आज कदाचित् न्यायालयाची पायरी चढावीही लागली नसती. कॅथलिक शिकवणींत मात्र यानें कांहींच बदल झाला नाहीं. कायद्यानें दिलेली मोकळीक घ्यावी कीं न घ्यावी, हा प्रश्न ख्रिस्ती घरांत आतां न्यायाधीशापुढें नव्हे, पतिपत्नींच्याच पुढें येऊन उभा राहतो.