विचारायचं कुणाला?

दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग 2’ नावाचा पाठ आहे. मानवी प्रजनन त्यातच येतं. आमच्या वेळी पुस्तक वेगळं होतं, पाठाचं नावही वेगळं होतं. सरांचं वाक्य मात्र आजच्या पोरांकडूनही तेच ऐकू येतं : ‘सोपा आहे, घरी वाचून घ्या.’ एरवी एकेक व्याख्या तीन-तीनदा फळ्यावर लिहून देणाऱ्या माणसाला नेमका हाच पाठ सोपा वाटावा, याचं आम्हाला तेव्हा नवल वाटलं नाही. आम्ही तो घरी वाचला. सगळ्यांत आधी तोच वाचला. अडलं ते विचारायला मात्र कुणी नव्हतं.

नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर म्हणायचं, जीभ वळायला वेळ लागतो) सरकारी शाळांमधल्या आरोग्यशिक्षणाचा आढावा घ्यायचा, तर योजनांची वाण नाही. शाळेत डॉक्टर येणं तसं जुनंच. 1909 साली बडोदा शहरात शाळकरी मुलांची तपासणी झाली, ती देशातली पहिली मानतात. आज झेडपीच्या शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, मुलांचे दात-डोळे-कान बघतं. जंतनाशक गोळीचा दिवस असतो. पहिली ते पाचवीला लोहाची गुलाबी गोळी, सहावीपासून निळी, आठवड्यातून एकदा. 2018 च्या महिला दिनी ‘अस्मिता’ योजना आली आणि झेडपी शाळेतल्या मुलींना आठ सॅनिटरी पॅडचं पाकीट 5 रुपयांत मिळेल असं ठरलं.

यातल्या एका गोळीपाशी जरा थांबू. निळ्या गोळीची साप्ताहिक योजना 2013 ची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत महाराष्ट्रातल्या 48 टक्के बायका रक्तक्षयी होत्या, 2019-21 च्या पाचव्या फेरीत 54 टक्के. वाढीची कारणं अनेक असतील. सगळा दोष गोळीच्या माथी मारता येणार नाही. पण वर्गात काय होतं ते बघा. उपाशीपोटी गोळी घेतली की मळमळतं. दुसऱ्या दिवशी शौचाला काळं होतं. पोरगी घाबरते आणि पुढच्या आठवड्यात गोळी दप्तरात, मग शाळेमागच्या बाभळीखाली. ‘काळं होणारच, भिऊ नको, जेवणानंतर घे, वर लगेच चहा पिऊ नको, लिंबू पिळून खा’ एवढं बोलायला दोन मिनिटं लागतात. गोळी वाटल्याची नोंद रजिस्टरात असते. या दोन मिनिटांना रजिस्टरात रकाना नाही.

हा रकाना भरायची कल्पना कागदावर आलीसुद्धा. 12 फेब्रुवारी 2020 ला आयुष्मान भारतमधला शालेय आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. प्रत्येक शाळेत दोन शिक्षक, शक्यतो एक गुरुजी आणि एक बाई, ‘आरोग्यदूत’. विषय अकरा : वाढीचं वय, मनाचं आरोग्य, स्त्री-पुरुष समानता, आहार, व्यसन, प्रजनन आरोग्य, हिंसेपासून सुरक्षितता, अगदी मोबाइलचा वापरही. आराखडा चांगला आहे, हे मोकळेपणाने म्हणायला हवं. महिन्याभरात टाळेबंदी लागली आणि शाळाच बंद झाल्या, हे त्याचं नशीब. पण खरी अडचण नशिबाची नाही. दोनशिक्षकी शाळेत हे दोन दूत म्हणजे अख्खा शिक्षकवर्ग. पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती, निवडणुकीचं काम हे सगळं त्यांच्याच गळ्यात. आणि प्रशिक्षण घेऊन आलेल्या गुरुजींनाही आठवीच्या वर्गासमोर उभं राहिल्यावर ‘पाळी’ हा शब्द उच्चारायला घसा खाकरावाच लागतो.

म्हणून या जिल्ह्यात आरोग्यशिक्षण शोधायचंच असेल, तर शाळेबाहेर बघावं लागतं. चौदा तालुक्यांच्या या अवाढव्य जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला जामखेड आहे. ज्यांच्या नावावरून जिल्ह्याचं नाव बदललं त्या अहिल्यादेवींचं चौंडी याच तालुक्यातलं. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे इथे आले. वेल्लोरला शिकलेलं, नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम केलेलं आणि अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधून सार्वजनिक आरोग्य शिकून आलेलं हे जोडपं. रजनीकांत याच जिल्ह्यातले. आई-वडील दोघंही शिक्षक.

आधी त्यांनी परिचारिका गावात धाडून पाहिल्या. ते जमलं नाही. तेव्हा गावानेच गावातली बाई निवडायची आणि तिला शिकवायचं, असं ठरलं. निवडल्या गेलेल्या बायका बहुतेक निरक्षर, अनेकजणी दलित वस्तीतल्या. एकदा शिबिर करून, प्रमाणपत्र देऊन त्यांना घरी पाठवलं नाही. दर आठवड्याला त्या जामखेडला यायच्या, मागच्या आठवड्यात काय घडलं ते सांगायच्या, नवं शिकायच्या आणि गावात जाऊन बोलायच्या. बाळंतिणीला उपाशी ठेवायचं नाही, हगवण लागलेल्या लेकराचं पाणी तोडायचं नाही, असल्या साध्या गोष्टी. साध्या, पण सासूच्या तोंडावर सांगायच्या! डॉक्टरने सांगितल्या तर सासू मान डोलावते आणि घरी जाऊन जुनंच करते. शेजारची बाई सांगते तेव्हा सासू वाद घालते. वाद झाला की शिक्षण सुरू झालं.

आरोळ्यांच्या प्रकल्पाच्या गावांत 1971 साली हजार बालकांमागे 176 वर्षाच्या आत दगावत; 1976 पर्यंत हा आकडा 52 वर आला. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे मेबलताई 1999 मध्ये आणि रजनीकांत 2011 मध्ये गेले. काम पुढच्या पिढीने चालू ठेवलं. किशोरवयीन मुलींचे आणि मुलग्यांचेही वर्ग तिथे होतात. जगभरातून लोक जामखेडला शिकायला येतात. शंभर किलोमीटरवरच्या शाळेला मात्र जामखेडची पद्धत परकीच राहिली.

मुलग्यांचा उल्लेख मुद्दाम केला. शेजारच्या कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीतल्या शाळकरी मुलीच्या बलात्कार-खुनाच्या घटनेनंतर, 2016 मध्ये, राज्यभर लाखोंचे मोर्चे निघाले. फाशीची मागणी झाली, शिक्षाही सुनावली गेली. चौदा वर्षांच्या मुलाशी शाळेत कुणीतरी बोलावं, ही मागणी कुठल्या फलकावर पाहिल्याचं मला आठवत नाही.

ती मागणी होणार तरी कशी? 2007 मध्ये किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमातल्या चित्रांवरून गदारोळ झाला आणि ज्या राज्यांनी तो थांबवला त्यांत महाराष्ट्र होता. र. धों. कर्व्यांच्या महाराष्ट्रात! कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, 1927 पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. 1934 सालचा त्यांच्यावरचा खटला कशावरून झाला? वाचकांनी पत्रांतून विचारलेल्या खाजगी प्रश्नांना अंकात उत्तरं दिली म्हणून. वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड झाला. प्रश्न विचारणाऱ्यांवर खटला झाला नाही, एवढंच.

बोलल्याने पोरं बिघडतात, असं म्हणणाऱ्यांनी शेवगावहून गोदावरी ओलांडून पैठण तालुक्यातल्या पाचोडला जावं. तिथल्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेने नव्वदच्या दशकाअखेरीस अविवाहित मुलींसाठी रोज संध्याकाळी तासभराचा जीवनकौशल्यांचा वर्ग वर्षभर चालवला. त्या गावांतलं मुलींच्या लग्नाचं मध्यम वय 16 वरून 17 वर गेलं. एक वर्षाने काय होतं, असं शहरात बसून वाटेल. सोळाव्याऐवजी सतराव्या वर्षी लग्न म्हणजे दहावीची परीक्षा झालेली असते. 2019-21 च्या पाहणीतही महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी जवळजवळ 22 टक्के अठरा पुरी व्हायच्या आत बोहल्यावर चढलेल्या होत्या.

दरवर्षी ऊसतोडीचा हंगाम आला की पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या टोळ्या कोयते घेऊन निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पिंप, चुली, शेळ्या, लेकरं. गावात म्हातारी असेल किंवा हंगामी वसतिगृह सुरू झालं असेल, तर पोरगी मागे राहते. नाहीतर तीही धाकट्याला कडेवर घेऊन ट्रॉलीत चढते. पहिली पाळी तिला उसाच्या फडाशेजारच्या कोपीत येईल, जिथे मोरी नाही, पाणी लांबून आणायचं आणि आई पहाटेच फडात गेलेली. शाळेच्या पटावर तिचं नाव असेल. दप्तर ती बरोबर घेऊन गेली असेल, तर निळ्या गोळ्यांचं एखादं पाकीटही.