अचानक कंबरेत उसण भरली तर? घरी काय करायचं, काय टाळायचं आणि दवाखाना कधी गाठायचा

सोयाबीनची काढणी सुरू झाली की औसा, निलंगा, रेणापूर, अहमदपूर अशा सगळ्याच तालुक्यांत एक तक्रार हमखास ऐकू येते. "वाकलो आणि कंबरच धरली." कुणाला पोतं उचलताना होतं, कुणाला बनीम लावताना. कुणी तर नुसतं खाली पडलेलं खुरपं घ्यायला वाकतं आणि कंबरेत अशी चमक निघते की माणूस आहे तसाच वाकलेला राहतो. आपल्याकडे याला उसण भरली म्हणतात, कुणी लचक म्हणतं, कुणी चमक.

ऐन सुगीत आठ दिवस पडून राहिलं तर मजुराची हजेरी बुडते, शेतकऱ्याचं पीक रानात राहतं. त्यामुळे माणूस घायकुतीला येतो. आज सांगेल तो उपाय करतो. कुणी बिब्बा लावतं, कुणी पाठीवर पाय देऊन घेतं, कुणी दोन इंजेक्शनं टोचून परत रानात जातं. यातलं काय कामाचं, काय बिनकामाचं आणि काय धोक्याचं, ते नीट समजून घेऊ.

उसण भरते म्हणजे काय होतं?

आपल्या कंबरेत पाच मोठे मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये एक मऊ गादी असते आणि सगळं धरून ठेवायला भोवती स्नायू आणि शिरा असतात. वाकून आणि वरून पुन्हा कंबर पिळून वजन उचललं की एखादा स्नायू ताणला जातो किंवा गादीवर ताण येतो. मग आजूबाजूचे स्नायू आखडून दगडासारखे होतात. दुखणं जेवढं दुखापतीचं असतं, तेवढंच या आखडलेल्या स्नायूंचंही असतं.

सकाळी उठल्या उठल्या उसण भरायचं प्रमाण जास्त दिसतं, त्यालाही कारण आहे. रात्रभर झोपल्यावर मणक्यामधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळे वाकताना त्यांच्यावर ताण जास्त येतो. उठल्यावर अर्धा-पाऊण तास जड उचलायचं टाळलं तरी कंबरेला फरक पडतो.

आता महत्त्वाची गोष्ट. अचानक भरलेली उसण बहुतेक वेळा आपोआप बरी होते. पहिले दोन-तीन दिवस जोराचं दुखतं, आठवडाभरात उठबस जमायला लागते आणि बहुतेकांचं दुखणं चार ते सहा आठवड्यांत जातं. म्हणूनच गावात प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो आणि प्रत्येकाला गुण आलेला असतो. गुण बऱ्याचदा दिवसांचा असतो, नाव उपायाचं होतं. तेव्हा उपाय निवडताना एवढंच बघायचं, यानं आराम पडतो का आणि इजा तर होत नाही ना.

पहिले दोन दिवस काय करायचं?

शेक. हा घरचा सगळ्यात चांगला उपाय. आखडलेला स्नायू उबेनं सैल होतो. गरम पाण्याची पिशवी चालते. ती नसेल तर तव्यावर जाडं मीठ किंवा वाळू गरम करून सुती कापडात पुरचुंडी बांधा. ओवा घातला तरी हरकत नाही. निर्गुडीचा पाला गरम करून शेकतात, तोही चालतो, कारण मुख्य काम उबेचं आहे. एका वेळी १५ ते २० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. पुरचुंडी आधी आपल्या हाताच्या आतल्या बाजूला लावून बघा, चटका बसत असेल तर थांबा. साखरेच्या रोग्यांची कातडी बऱ्याचदा बधिर असते, भाजलेलं कळत नाही. त्यांचा शेक दुसऱ्यानं हात लावून बघितल्याशिवाय देऊ नये. तापलेली वीट थेट कंबरेखाली घेऊन तर कुणीच झोपू नये.

झोपायची पद्धत. पाठीवर झोपायचं असेल तर गुडघ्यांखाली गोधडीची गुंडाळी घ्या. कुशीवर झोपायचं असेल तर दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी ठेवा. झोळी झालेली सैल बाज नको आणि उघडी फरशीही नको. सपाट जागी सतरंजी आणि दोन गोधड्या बऱ्या. उठताना सरळ उठून बसू नका. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा आणि हातावर जोर देऊन उठा.

हालचाल. "आठ दिवस हलू नको" हा सल्ला जुना झाला. फार दुखत असेल तर एखाद-दुसरा दिवस पडून राहा, पण तेव्हाही तासा-दीड तासानं उठून अंगणात पाच मिनिटं चाला. जास्त दिवस पडून राहिलं की स्नायू आणखी आखडतात, ताकद जाते आणि बरं व्हायला उलट उशीर लागतो. थोडं दुखत असताना हळू चालल्यानं मणक्याला इजा होत नाही. चालणं हे औषधच आहे.

तेल. तिळाचं किंवा मोहरीचं तेल कोमट करून हलक्या हातानं चोळलं तर बरं वाटतं. रगडायचं नाही.

पोट साफ ठेवा. हे कुणी सांगत नाही. संडासला जोर करावा लागला की कंबरेत कळ जाते. पाणी भरपूर प्या, पालेभाजी खा. खाली बसणं जमत नसेल तर भिंतीचा किंवा खुर्चीचा आधार घ्या.

हळद-दूध, डिंकाचा लाडू खायला हरकत नाही. पण त्यानं आजची उसण उतरेल अशी आशा ठेवू नका.

हे करू नका

बिब्बा. बिब्ब्याच्या तेलानं कातडी जळते. फोड येतात, जखम चिघळते आणि काळा डाग कायमचा राहतो. जळण्याच्या वेदनेपुढं कंबरेचं दुखणं तेवढ्यापुरतं विसरतं, म्हणून गुण आल्यासारखा वाटतो. साखर असलेल्या माणसाची ही जखम लवकर भरत नाही. तापलेल्या सळईचा डाग देणंही तसंच.

पाठीवर पाय. पायाळू माणसानं कंबरेला पाय लावला की उसण जाते, असं आपल्याकडे पूर्वीपासून मानतात. नुसता पाय लावण्यानं काही बिघडत नाही, पण लाथ मारणं, पाठीवर उभं राहणं, कंबर पिळून कडाकडा मोडणं हे धोक्याचं आहे. विशेषतः पाळी गेलेल्या बायका आणि म्हाताऱ्या माणसांची हाडं आतून पोकळ झालेली असतात. तेवढ्या दाबानं मणका चेपू शकतो.

मनानं गोळ्या. मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून उपाशीपोटी खाणं आणि एकीनं उतरलं नाही म्हणून दुसरी घेणं, हे सर्रास चालतं. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्यांनी दुखणं कमी होतं हे खरं, पण पोटात जखम होऊ शकते, मूत्रपिंडावर ताण येतो, रक्तदाब वाढतो. ज्यांना मूत्रपिंडाचा, हृदयाचा, रक्तदाबाचा त्रास आहे, पूर्वी अल्सर झालेला आहे किंवा पोटात बाळ आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. बाकीच्यांनीही जेवण झाल्यावर, थोडेच दिवस आणि एकावेळी एकच प्रकारची घ्यावी. लावायचा मलम त्या मानानं सुरक्षित. पण मलम लावून त्यावर शेक द्यायचा नाही, कातडी पोळते.

बिनलेबलच्या पुड्या आणि इंजेक्शन. बाजारात किंवा फिरत्या वैदूकडं मिळणाऱ्या, नाव नसलेल्या गोळ्या-पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेलं असू शकतं. दोन दिवसांत चमत्कार वाटतो. मग तोंड सुजतं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. आणि कुणाकडूनही कुल्ल्यात इंजेक्शन घेताना लक्षात ठेवा, चुकीच्या जागी सुई गेली तर पायाची नस दुखावते आणि पाऊल लुळं पडू शकतं.

कंबरपट्टा. प्रवासात किंवा कामाच्या तासा-दोन तासांपुरता ठीक आहे. महिनोन्महिने बांधून ठेवायचा नाही.

ही लक्षणं असतील तर घरी थांबू नका

बहुतेक उसण साधी असते. पण काही वेळा कंबर दुखणं हे दुसऱ्याच आजाराचं तोंड असतं. खालीलपैकी काही असेल तर शेक देत बसू नका.

१. लघवी अडकली किंवा नकळत व्हायला लागली, संडासवर ताबा राहिला नाही, किंवा जांघेत आणि बसायच्या जागी मुंग्या येऊन बधिर झालं. याचा अर्थ खालच्या नसांचा जुडगा दाबला गेलेला असू शकतो. इथं दिवस नाही, तास मोजायचे असतात. उशीर झाला तर लघवी-संडासवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. लाजेपोटी हे लक्षण लपवू नका, विशेषतः बायकांनी.

२. पायातली ताकद गेली. चालताना चप्पल निसटते, पाऊल वर उचलत नाही, गुडघा अचानक दगा देतो.

३. झाडावरून, ट्रॅक्टरवरून, गाडीवरून पडल्यावर दुखणं सुरू झालं. म्हाताऱ्या माणसाला साधं घसरून पडल्यावर झालं तरीसुद्धा.

४. कंबरेसोबत ताप आहे, संध्याकाळी अंग तापतं, वजन उतरतंय, रात्री झोपेतही दुखणं कमी होत नाही. मणक्याचा टीबी असा हळूहळू येतो. टीबी फक्त छातीत होतो असं नाही. त्याची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.

५. पूर्वी कॅन्सर झालेला आहे किंवा बरेच दिवस स्टेरॉईडच्या गोळ्या चालू आहेत.

६. कळ बरगडीखालून जांघेकडं उतरते, लाटेसारखी येते-जाते, उलटी होते, लघवीला जळजळ किंवा रक्त आहे. हा मूतखडा असू शकतो.

७. गरोदर बाईची कंबर थांबून थांबून दुखते, अंगावरून पाणी किंवा रक्त जातं. दिवस भरले नसले तरी लगेच न्या.

८. पोटात आणि कंबरेत एकदम जोराची कळ, सोबत दरदरून घाम आणि चक्कर.

कळ कुल्ल्यातून मांडीमागून पोटरीपर्यंत जात असेल तर त्याला सायटिका म्हणतात. पायाची ताकद शाबूत असेल तर घाबरायचं कारण नाही, बहुतेकांचं तेही काही आठवड्यांत उतरतं. पण डॉक्टरांना दाखवून ठेवा. लक्षण कुठलंच नाही, तरी आठ-दहा दिवसांत दुखणं कमीच झालं नाही, तरीही दाखवा.

एक्स-रे, एमआरआय लगेच काढायचा का?

वरची लक्षणं नसतील तर पहिल्याच दिवशी एमआरआयला हजारो रुपये घालायची गरज नसते. एक्स-रेमध्ये ताणलेला स्नायू दिसत नाही. आणि चाळिशीनंतर कंबर अजिबात न दुखणाऱ्या माणसाच्या एमआरआयमध्येही गादी झिजलेली, थोडी सरकलेली दिसते. केस पिकावेत तसंच ते. "गादी सरकली" हे कागदावर वाचून माणूस हाय खातो, काम सोडतो, ऑपरेशनच्या वाटेला लागतो. आधी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालयात दाखवा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत केलेले आहेत.

पुन्हा उसण भरू नये म्हणून

ज्याची कंबर एकदा धरली, त्याची पुन्हा धरायची शक्यता असते. काम तर सोडता येत नाही, पण कामाची पद्धत बदलता येते.

युरियाची गोणी ४५ किलोची, डीएपीची ५० किलोची. धान्याचं पोतं त्याहून जड भरतं. पोतं दोघांनी उचला किंवा कमी भरा. उचलताना कंबरेत न वाकता गुडघ्यात वाका, पोतं छातीशी धरा आणि वळायचं असेल तर पाय फिरवा, कंबर पिळू नका. ट्रॉलीत पोतं फेकताना कंबर पिळली जाते, उसण तिथंच भरते.

फवारणीचा १६ लिटरचा पंप भरल्यावर १६ किलोपेक्षा जास्तच होतो. तो जमिनीवरून उचलून पाठीवर घेऊ नका. बांधावर किंवा ड्रमवर ठेवून पट्टे अडकवा, दोन्ही पट्टे सारखे ठेवा.

काढणी-खुरपणीत सलग वाकून राहू नका. एक काकरी झाली की उभं राहा, दोन्ही हात कंबरेवर ठेवून हळूच पाच वेळा मागं झुका. मुकादमानं आणि मालकानंही याला कामचुकारपणा समजू नये. दोन मिनिटं थांबलेला मजूर दुसऱ्या दिवशी कामावर येतो.

आणि एक घरातलं. पुरुषाची कंबर धरली की सगळं घर गोळा होतं. बाई मात्र त्याच कंबरेनं पाणी भरते, भाकरी थापते, धार काढते आणि मग रानात जाते. ती सांगत नाही म्हणून दुखत नाही असं नसतं. तिला उसण भरली तर चार दिवस घागर आणि वैरणीचा भारा दुसऱ्यानं उचलायचा. शेकापेक्षा त्याचा गुण जास्त येतो.

थोडक्यात लक्षात ठेवा

– शेक द्या, हलकं तेल लावा, थोडं थोडं चाला.
– दोन दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नका.
– बिब्बा, डाग, लाथ, पुड्या, मनानं गोळ्या नकोत.
– लघवी अडकली, जांघ बधिर झाली, पाय लुळा पडला तर त्याच क्षणी १०८ ला फोन करा. रात्र असली तरी सकाळची वाट बघू नका.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. आधीपासून काही आजार असेल, औषधं चालू असतील तर आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)