बाटलीवरचे आडनाव

ऱ्हाइन नदीच्या काठी वसलेल्या ड्युसेलडॉर्फ नगरात वाइनच्या व्यापाराचा जो आंतरराष्ट्रीय मेळा 1994 पासून भरत आला आहे, त्याची कीर्ती ऐकून गेलेल्या नवख्या माणसाची पहिल्याच दिवशी हमखास निराशा होते. कारण मद्याच्या नावाने मनात जी रंगेल चित्रे उभी राहतात, त्यांपैकी तेथे काहीही नसते. प्रशस्त दालने, दिव्यांचा पांढराफटक प्रकाश, दरपत्रके घेऊन लगबगीने फिरणारे आयातदार, अडते आणि हॉटेलांचे खरेदीदार, प्रत्येक मेजावर एक पिकदाणी, आणि तोंडातला घोट त्या पिकदाणीत टाकून पुन्हा हिशेबाकडे वळणारी गंभीर मुद्रेची माणसे, असा तो सारा मामला असतो. केवळ रसिक म्हणून येणाऱ्यास तेथे मज्जाव आहे. नाशिककडच्या द्राक्षांच्या धंद्याशी संबंध असल्यामुळे मला प्रवेश मिळाला, आणि इटली-फ्रान्सच्या भव्य मंडपांतून हिंडता हिंडता पाय जे एकदा ऑस्ट्रियाच्या दालनाकडे वळले, ते पुढे वर्षानुवर्षे तिकडेच वळत राहिले.

तेथील वाइन श्रेष्ठ होती म्हणून, असे आज म्हणता येईल. पण त्या वेळी माझी चवीची पारख यथातथाच होती, तेव्हा ते श्रेय मी घेऊ इच्छीत नाही. मला ओढून नेले ते मेजामागच्या माणसांनी. बड्या पेढ्यांच्या मंडपांत पगारी विक्रेते उभे असतात, आणि बागेच्या मातीविषयी काही विचारले की ते अदबीने छापील पत्रक पुढे करतात. ऑस्ट्रियाच्या दालनात मात्र बाटलीवर जे आडनाव छापलेले असे, त्याच आडनावाचा माणूस बहुधा समोर उभा असे. नवरा ओतीत असे, बायको मागण्यांची वही राखीत असे, आणि मागे खोक्यावर बसलेला म्हातारा येणाऱ्याजाणाऱ्याला बारीक नजरेने न्याहाळीत असे. मेळा मार्चमधला, म्हणजे हिवाळी छाटणी नुकतीच आटोपलेली. त्यामुळे पेला पुढे करणाऱ्या हाताच्या तळव्यावर कात्रीने पाडलेला घट्टा ताजा दिसे. मातीविषयी विचारावे, तर खिशातून रुमालात गुंडाळलेला दगडाचा तुकडा निघे, आणि तो हातात देऊन मालक उत्तराऐवजी आपणच प्रश्न विचारू लागे.

ही घराणी अशी स्वतः होऊन बाजारात उभी राहिली, ह्याच्या मुळाशी एक मोठी बेअब्रू आहे. 1985 च्या उन्हाळ्यात असे उघडकीस आले की, ऑस्ट्रियातील काही उत्पादकांनी व व्यापाऱ्यांनी आपल्या पातळ मालाला गोडी आणि भरदारपणा यावा म्हणून त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक रसायन मिसळले होते. त्या काळी पश्चिम जर्मनीच्या बाजारात स्वस्त आणि गोड मालाला अमाप मागणी होती, आणि नैसर्गिक गोडी उतरायला द्राक्षे वेलीवर दीर्घकाळ राखावी लागतात, ज्यात पीक घटते आणि जोखीम वाढते. तेव्हा जे निसर्ग वेळ घेऊन देतो ते पिंपातून तत्काळ देण्याचा हा उद्योग होता. ह्या भेसळीने कोणाचा प्राण गेल्याची नोंद नाही; परंतु वृत्तपत्रांनी त्या रसायनाचे वर्णन मोटारीतले गोठणरोधक द्रव्य असे केले, आणि त्या एका शब्दाने जे व्हायचे ते झाले. देशोदेशीच्या दुकानांतून बाटल्या उतरवल्या गेल्या, साठे जप्त झाले, आणि निर्यात बघता बघता जवळजवळ ठप्प झाली. ज्यांनी आयुष्यात कधी साखरेचा कणही घातला नव्हता, त्यांचीही पत त्याच पिंपात बुडाली. वास्तविक डॅन्यूबकाठच्या वाखाऊ खोऱ्यातील बागायतदारांनी त्यापूर्वीच, 1983 मध्ये, आपला संघ स्थापून साखर न घालण्याची शपथ स्वतःवर लादून घेतली होती. पण दंगलीत सज्जनाची साक्ष कोण घेतो?

सरकारने 1985 मध्येच जो कायदा केला, तो युरोपातील अत्यंत कठोर अशा कायद्यांत गणला जातो. हेक्टरी उत्पन्नावर मर्यादा आली, उच्च प्रतीचा माल पिंपांतून परदेशी धाडण्यास बंदी झाली, प्रत्येक दर्जेदार वाइनला सरकारी तपासणीचा क्रमांक घ्यावा लागू लागला, आणि बाटलीच्या तोंडावर तांबडी-पांढरी-तांबडी पट्टी आली. पुढच्या वर्षी प्रचार व विक्रीसाठी स्वतंत्र मंडळ निघाले. मेळ्यातील त्या दालनाची व्यवस्था तेच पाहते. दफ्तरी पाहिले तर पुनरुज्जीवनाची कथा इतकीच आहे. परंतु माझ्या मते कायद्याने फक्त अंगण झाडून दिले. दलालांची साखळी तुटल्यावर, पूर्वी द्राक्षे किंवा पिंपे विकून मोकळी होणारी घराणी उघड्यावर पडली, आणि आपल्याच नावाने बाटली भरून आपणच ती विकण्यावाचून त्यांना गत्यंतर उरले नाही. ही वहिवाट त्यांच्या रक्तात मुळीच नव्हती असे नाही. सम्राट दुसऱ्या जोसेफने 1784 मध्ये फर्मान काढून बागायतदारांना आपल्या घरी आपलीच वाइन विकण्याची मुभा दिली होती, आणि व्हिएन्नाच्या आसपास दारावर हिरवी डहाळी टांगून नवी वाइन पाजणारी घरे आजही त्याच हक्कावर चालतात. घराच्या ओसरीवर जे चालत होते, ते आता परक्या देशातल्या मेजावर करायचे होते, एवढाच फरक.

सर्वांत कठीण वाट गोड वाइनवाल्यांची होती, कारण भेसळीचा डाग त्यांच्याच मालावर बसला होता. बुर्गेनलांड प्रांतातील नॉयझीडल सरोवर इतके उथळ आहे की बहुतेक ठिकाणी उंच माणूस त्यात उभा राहू शकेल. शरद ऋतूत त्यावरून उठणारे धुके पिकल्या घडांवर एक उपकारक बुरशी आणते, जी सालीतून पाणी आटवून रस मधासारखा दाट करते. ह्या सरोवराच्या पूर्वेस इल्मिट्स गावी आलोइस क्राखर ह्या गृहस्थाने, सारे जग ऑस्ट्रियाच्या गोड वाइनला हात लावण्यास कचरत असताना, नेमकी तीच करण्याचा हट्ट धरला आणि तिच्या बाटल्यांना अंगच्या घनतेनुसार चढते क्रमांक देऊन ती जगभर मान्य करून घेतली. 2007 मध्ये तो अकाली वारला. आता त्याचा मुलगा तो व्याप सांभाळतो.

दालनातील गर्दीचा रंग कसा पालटत गेला, हे मी पाहिले आहे. 2002 च्या ऑक्टोबरात लंडनमध्ये जॅन्सिस रॉबिन्सन प्रभृती परीक्षकांनी बरगंडीच्या नामांकित शुभ्र वाइन आणि ऑस्ट्रियाची ग्र्यूनर फेल्टलिनर ह्यांची नावे झाकून तुलना केली, आणि अग्रस्थाने ऑस्ट्रियाकडे गेली. देशाच्या एकूण लागवडीत सुमारे एकतृतीयांश वाटा ह्या एका जातीचा. पांढऱ्या मिऱ्याचा तिखटपणा अंगी असलेली ही द्राक्षे तोवर घरगुती पेयाची समजली जात. त्या निकालानंतर मेजांवर पेला पुढे करणारांची दाटी झाली, आणि मागे खोक्यावरचा म्हातारा उठून पुढे आला. त्याच सुमारास विभागवार नावे राखून ठेवण्याची पद्धत सुरू झाली. 2002 च्या हंगामापासून वाइनफिअर्टेल ह्या उत्तरेकडील विभागाने आपले नाव फक्त ग्र्यूनरलाच देण्याचे ठरवले. उपद्व्यापी कारभाऱ्यांच्या देशात इतका साधा नियम निघाला, ह्याचे मला कौतुक वाटले.

माझ्याकडे विकत घेण्याजोगे काही नाही, हे कळूनही त्या लोकांनी मला कधी परतवले नाही. आपल्याकडे परदेशी वाइनवर त्या वेळी असलेली दीडशे टक्के जकात सांगितली की ते हिशेब सोडून देत आणि शेतीवर येत. नाशिकला वेल हिवाळ्यात झोपत नाही, म्हणून आम्ही वर्षातून दोनदा छाटतो, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरल्यावर गोडी छाटणी, आणि ड्युसेलडॉर्फचा मेळा भरतो तेव्हा आमची तोडणी चालू असते, असे ऐकून क्रेम्सजवळच्या एका बाईंनी नवऱ्याला हाक मारून ते पुन्हा वदवून घेतले. मग दोघांनी मिळून विचारले, ‘मग तुमच्याकडे माणसे विसावा कधी घेतात?’ ह्याचे नीटसे उत्तर मला देता आले नाही.

एका प्रश्नाचे उत्तर त्यांनाही अवघड जाई. ऑस्ट्रियात सर्वाधिक लावली जाणारी तांबडी जात 1922 मध्ये क्लोस्टरनॉयबुर्गच्या संशोधन संस्थेत फ्रिट्स त्स्वायगेल्ट ह्याने सिद्ध केली. त्याने तिला दिलेले नाव रोटबुर्गर, आणि 1970 च्या दशकात तिला त्याचेच नाव चिकटले. हा मनुष्य नाझी पक्षाचा सभासद होता. अलीकडे नाव बदलावे अशी चळवळ झाली, आणि कोणी कोणी बाटलीवर दुसरेच नाव छापले. मी विषय काढला की तरुण मंडळी मोकळेपणाने बोलत. वडीलधारी मंडळी पिकदाणी रिकामी करण्यास उठत.

2020 आणि 2021 चे मेळे साथीमुळे रद्द झाले. 2022 चा मेळा मे महिन्यात गेला, आणि त्याच महिन्यात व्हिएन्नाच्या हॉफबुर्ग राजवाड्यात ऑस्ट्रियाचा आपला मेळाही होता. वेल जोमाने वाढत असताना घरातली दोन माणसे दोन शहरांत अडकली, म्हणून बऱ्याच मेजांवर त्या वर्षी मुलगाच किंवा मुलगीच एकटी दिसली. हल्ली पॅरिसच्या मेळ्याकडे ओढा वाढला आहे, आणि दोन्हीकडचा खर्च लहान घराण्यांना झेपत नाही. मला मात्र जाणवते ते आणखी काही. 1987 मध्ये ऑस्ट्रियात वाइनच्या द्राक्षांची लागवड करणारी सुमारे 45,000 कुटुंबे होती. 2015 पर्यंत ती 14,000 च्या आसपास उरली. मेळ्यात भेटतात ती तगलेली. ज्यांना बाटली भरण्याचे भांडवल जमले नाही, किंवा ज्यांच्या मुलांनी व्हिएन्नात नोकरी धरली, त्यांनी आपली वेलांची ओळ शेजाऱ्याला विकली किंवा खंडाने दिली, आणि त्या शेजाऱ्याचे आडनाव आज आपल्याला बाटलीवर दिसते.