जखमेवरचा फोम कसा पारखतात?

कापड बोटांत चोळून पारखायची आम्हा धामणगाव रेल्वेच्या कापडवाल्यांची जुनी सवय. दवाखान्यांना गॉज पुरवणाऱ्या बंधूंनी मात्र फोमच्या पट्टीला हा हिशेब लावू नये. ती पॉलियुरेथेनची, तिचा गुण हाताला नव्हे, काट्यावर कळतो.

प्रयोगशाळेत ५ सेंटिमीटर लांब-रुंद तुकडा आधी कोरडा तोलतात. जखमेच्या पाझराशी मिळते असे सोडियम-कॅल्शियमचे क्षार घातलेल्या, ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तो ३० मिनिटे ठेवतात, ३० सेकंद टांगून निथळू देतात आणि पुन्हा तोलतात. वाढले तेवढे शोषण. पण एवढ्याने भागत नाही. मधुमेही माणसाच्या तळपायावर अंगाचा भार पडतो. त्या दाबाने पट्टीने पाणी परत सोडले, तर जखमेच्या कडेची कातडी भिजून पांढरी पडते, जखम वाढते. म्हणून दाबाखालीही मोजतात. किती वाफ बाहेर जाते, तेही बघतात.

कोईमतूरच्या सिट्रा संस्थेत वैद्यकीय कापडाच्या चाचण्या होतात. अशा पट्ट्या २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली येतात. माल कितीही स्वस्त मिळो, परवाना क्रमांक आणि चाचणीचा कागद पाहिल्याशिवाय उचलू नये.