पिंग उत्तम, तरी जुना गेम का जोडत नाही?

दिवाळीच्या सुट्टीत मी नाशिकला घरी होतो, शाळेतला मित्र पुण्यात. ठरलं, १९९९चा ‘एज ऑफ एम्पायर्स २’ खेळायचा. तोही मूळ सीडीवरचा. दोघांकडे फायबर, व्हिडिओ कॉल एकदम स्वच्छ. पण गेम जोडेना! दोन तास फायरवॉल बंद कर, गेम पुन्हा टाक, हेच चाललं. दोष तिथे नव्हताच.

आधी हे बघा की तुमचा पत्ता नक्की कुणाचा आहे. आयपीव्ही४चे एकूण पत्ते सुमारे ४३० कोटी. एवढे सगळ्यांना पुरत नाहीत, म्हणून घरातला राउटर एकाच पत्त्यावर सगळी उपकरणं चालवतो. याला नॅट म्हणतात. सोसायटीच्या वॉचमनसारखं समजा. तुम्ही पत्र पाठवलंत तर तो वहीत नोंद करतो आणि उत्तर आलं की बरोबर तुमच्या फ्लॅटवर देतो. पण न मागवता आलेलं पार्सल कुणाचं, हे त्याला कळत नाही. तो ते परत पाठवतो.

व्हिडिओ कॉल सुरू करताना तुम्हीच कंपनीच्या सर्व्हरकडे जाता, म्हणून तो चालतो. हा जुना गेम मात्र डायरेक्टप्ले वापरतो. त्यात जॉइन करणाऱ्याने हाक मारली की होस्टचं मशीन त्याच्याकडे उलट नवी जोडणी करतं. म्हणजे दोघांच्याही घरी ‘न मागवलेलं पार्सल’ येणार!

यावरचा जुना उपाय म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग: ४७६२४ आणि २३०० ते २४०० हे पोर्ट राउटरमध्ये उघडायचे. म्हणजे वॉचमनला आधीच सांगून ठेवायचं. आम्ही तेही केलं. तरी नाही.

कारण पुढे अजून एक गेट होतं. एप्रिल २०११ मध्ये आशिया-पॅसिफिकचा पत्त्यांचा साठा शेवटच्या टप्प्यावर आला. मग अनेक कंपन्या बऱ्याच ग्राहकांना मिळून एकच पत्ता देऊ लागल्या. हे सीजीनॅट. त्या गेटचा वॉचमन कंपनीचा, तो तुमचं ऐकत नाही.

तपासणं सोपं आहे. राउटरच्या पानावर वॅन आयपी बघा, मग ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या साइटवरचा बघा. दोन्ही वेगळे असतील, किंवा वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ मधला असेल, तर पोर्ट उघडण्यात वेळ घालवू नका. मग हे करा:

१. कंपनीकडे स्टॅटिक पब्लिक आयपी मागा. बहुधा जादा पैसे लागतात.
२. नाहीतर दोघांनी झिरोटियर किंवा रॅडमिन व्हीपीएन टाका. गेमला वाटतं, दोघं एकाच लॅनवर आहेत. टेलस्केलवर ब्रॉडकास्ट जात नाही, त्यामुळे यादीत गेम दिसत नाही. तिथे आयपी हाताने टाकावा लागतो.
३. विंडोज १० असेल तर ‘विंडोज फीचर्स’मध्ये डायरेक्टप्ले चालू करा. फायरवॉल बंद करू नका, गेमला परवानगी द्या.

आम्ही दुसरा मार्ग धरला आणि दहा मिनिटांत खेळायला बसलो.

पण विचार करा. मळ्यातला कॅमेरा घरून बघायचा तरी आज अडचण हीच. थेट जाता येत नाही, कुणाचा तरी सर्व्हर मध्ये लागतो. ३१ मे २०१४ला गेमस्पाय बंद झालं, तेव्हा त्यावर अवलंबून असलेल्या कितीतरी गेम्सचं ऑनलाइन खेळणं थांबलं. मधला माणूस गेला की दोन मित्रही एकमेकांना सापडत नाहीत. म्हणून स्वतःचा पत्ता असणं ही मला चैन वाटत नाही.